म्हशीमागून चालणारा माणूस

मायणीकडच्या एका तलावाकाठी पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरले की ते बघायला आलेले लोक तिथं मुक्काम करतात. खोल्या सांभाळणाऱ्याचं नाव मी विचारलं नाही. पन्नाशीचा गडी, अंगात विटका मिलिटरी स्वेटर. चहाचा पेला समोर ठेवतानाही तो आवाज होऊ देत नसे.

सकाळी तो पाहुण्यांना पक्ष्यांकडे नेई, ते आपल्या म्हशीच्या आडून. "म्हशीला पाखरं भीत न्हाईत. तिच्या मागनं चाला, म्हंजे तुमी बी म्हसच," तो म्हणाला.

मला हसू आलं नाही. दोन वर्षांपूर्वी फोटोसाठी मीच याच काठावर टाळ्या पिटून सगळा थवा उठवला होता. त्या हिवाळ्यात पक्षी पुन्हा उतरले नाहीत, असं नंतर कळलं. आताही माझ्यामुळे ते उठतील अशी धास्ती वाटत होती. चालता चालता मी त्याला सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय की. तवा मी बांधावरच हुतो," तो म्हणाला. "काल बघताक्षणी वळाखलं तुमाला."

"मग खोली कशी दिलीत?"

"पाखरं परत आली. तुमी बी आलासा." त्यानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "फकस्त हात खिशात घाला, पावणं."

मी घातले. पाणी वीस पावलांवर आलं तेव्हा एका रोहितानं मान वर करून आमच्याकडे बघितलं, आणि पुन्हा चिखलात चोच घातली.