कांद्यापाशी बसवलेलं कासव

फेलिसियाना उइकाबच्या हातचा कासवाचा रस्सा खाल्लेला माणूस बोटं चाटतच घरी जातो, असं गावात म्हणत. त्यासाठी भोपळ्याच्या बिया भाजायच्या तिनेच, वाटायच्याही तिनेच. पाट्याजवळ दुसऱ्या बाईला ती फिरकू देत नसे. त्या वर्षी शेतकऱ्यांच्या संत इसिद्रोच्या उत्सवाचं जेवण रांधायचं काम तिच्याकडे आलं. लग्न होऊन गावात आल्यापासून हा मान तिला पहिल्यांदाच मिळत होता. अंगणातल्या कुंडात कासवही भोपळ्याची फुलं खाऊन गुबगुबीत झालं होतं.

पण उत्सव तोंडावर आला तरी पाऊस नाही. आणि पाऊस अडलेला असताना कासव कापायचं नाही, हा वाडवडिलांचा दंडक. त्याचेच अश्रू पावसाला बोलावतात.

"मग रडव त्याला," टांगलेल्या दोरीच्या झोळीत पडल्या पडल्या नवरा एर्मिलो म्हणाला. "मला जन्मभर रडवलंस, कासव काय अवघड?"

तो चेष्टेनं बोलला. तिने मनावर घेतलं. कासवाला चुलीपाशी आणलं आणि त्याच्या नाकासमोर कांदे चिरायला बसली. कासवानं मान आत घेतली. टोपली संपत आली, हिचे डोळे वाहू लागले.

"रड की रे मेल्या!"

आवाज ऐकून नणंद एउलोहिया डोकावली. "वहिनी, कोण गेलं?"

"अजून कुणी नाही. हे जायचंय!"

शेवटी मान बाहेर आली. डोळ्याच्या कोपऱ्यात एक थेंब चमकला. संध्याकाळी असा पाऊस कोसळला की कोंबड्या झाडावर चढल्या.

सकाळी फेलिसियाना सुरीला धार लावत होती. तोच मक्याचं बियाणं घेऊन शेताकडे निघालेली माणसं कुंडापाशी थांबली आणि टोप्या काढून कासवासमोर उभी राहिली.

"वहिनी, ह्यानं पाऊस आणला. ह्याला कापणार?" एउलोहियानं विचारलं.

"ह्यानं? त्याचा एक थेंब! टोपलीभर कांद्यावर रडले ती मी!"

"बरं झालं सांगितलंस," एर्मिलो म्हणाला. "पुढच्या वेळी पाऊस अडला की सगळं गाव तुलाच रडवायला येईल."

सगळे हसले. फेलिसियानानं सुरीकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. मग सुरी खाली ठेवली.

"एकच होता, पण थेंब त्याचाच होता," ती पुटपुटली आणि कासवाला स्वतः तळ्यात सोडून आली.

उत्सवाला बियांच्या रश्श्यात घरच्या कोंबड्या पडल्या. चिरलेला कांदा आंबट संत्र्याच्या रसात मुरवून पानोपानी वाढला. एर्मिलोनं रस्सा तिसऱ्यांदा मागून घेतला.

"कासव नाही ना, म्हणून पोट भरत नाही," तो म्हणाला, आणि बोटं चाटू लागला.