हान कोचनं मान खाली घातली

"हो," मी म्हणाले. "पाय पिरगळला त्यानं. रागानं."

क्लबच्या खोलीत कमिटीची माणसं बसली होती. माझा मुलगा मंदार शेजारी बसून माझं बोलणं इंग्रजीत सांगत होता. समोर हान कोच उभा — कोरियाचा माणूस, माझ्या नातीच्या फुटबॉल टीमचा कोच. मंदार अडखळला. "आई, नक्की ना? रागानं?" मी म्हणाले, "मराठी विसरलास काय?" मग त्यानं तो शब्द इंग्रजीत सांगितला आणि सगळ्यांचे चेहरे बदलले.

हान कोचनं माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

मी खोटं बोलले होते. हे मंदारला माहीत नाही, सुनेला नाही. देवापुढंसुद्धा मी ते काढलेलं नाही — त्यानं पाहिलंच असेल, त्याला काय सांगायचं? तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी कोल्हापूरची, चौथी पास. आमचे हे पेठेच्या तालमीकडून फुटबॉल खेळायचे. आमच्याकडं मॅच संपली तरी वैर संपत नाही. समोरच्या पेठेतल्या एका माणसानं ह्यांना एकदा भर मैदानात हसून दाखवलं होतं. त्याच्या पोरीच्या लग्नाला आम्ही गेलो नाही, आणि तो गेला तेव्हा मातीलाही गेलो नाही. मी अशी आहे. इथं परदेशात, मिल्टनला येऊन बर्फ बघितला म्हणून स्वभाव थोडाच गोठतो?

साई, माझी नात, बारा वर्षांची. तिला प्रॅक्टिसला सोडून मंदार ग्रोसरीला जायचा. बाकीच्या आया गाडीत काच वर करून फोन बघत बसायच्या. मैदानाच्या कडेला मी एकटी. पहिल्या दिवशी हान कोचनं स्वतःच्या गाडीतून फोल्डिंगची खुर्ची आणून मला दिली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि 'हालमोनी' म्हणाला. त्यांच्या भाषेत आजी. पुढं रोज तसाच वाकायचा. थंडी असली की थर्मासमधला भाजलेल्या जवाचा चहा द्यायचा. मला आवडायचा तो चहा. माणूसही आवडायचा, खोटं कशाला बोलू?

त्याची सगळी हकिकत साईनं सांगितली होती. शाळेत असल्यापासून तो तिकडं खेळत होता. मोठ्या क्लबकडून खेळला, पेपरात फोटो यायचे. मग गुडघा गेला, तेही अगदी ऐन वयात. तिथं पोरांना शिकवलं, मग बायकोमुलांना घेऊन इकडं आला. दिवसा वॉन गावात एका गोदामात सामान चढवायचा, संध्याकाळी मैदानावर. चालताना उजवा पाय जरा ओढायचा, पण चेंडू पायाला लागला की ते ओढणं कुठं जायचं कोण जाणे.

कधीकधी त्याचा सासरा यायचा. टीम हरली की तो म्हातारा सगळ्यांसमोर जावयाची खरडपट्टी काढायचा. हान कोच हात पुढं जुळवून, मान खाली घालून ऐकून घ्यायचा. मी साईला विचारलं, हा बोलत का नाही? ती म्हणाली, "मोठ्यांना उलटं नाही बोलायचं, आजी. कोच सेज, इव्हन इफ दे आर राँग."

हे मी लक्षात ठेवलं. तेव्हा कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात साई हळू पळायला लागली. एका संध्याकाळी तो तिला मोठ्यानं म्हणाला, "साई! युवर ग्रँडमा इज फास्टर!" एवढं इंग्रजी मला येतं. सगळ्या पोरी हसल्या, माझ्या खुर्चीकडं बघून हसल्या. एक जण तर कंबरेवर हात ठेवून वाकून चालून दाखवायला लागली. आणि तोही हसला. हसून झाल्यावर माझ्याकडं वळून पुन्हा वाकला. चांगल्या मनानं वाकला असेल. मला ती चपराक वाटली.

मग फायनल आली. मंदारनं ऑफिसातली चार मराठी घरं बोलावली होती. मी डबाभर वड्या थापल्या होत्या, साईच्या नावाचा बोर्ड रंगवला होता. पूर्ण मॅच साई बेंचवर. एक मिनिटसुद्धा मैदानात नाही. बोर्ड गाडीच्या डिकीत गेला, वड्या लोकांनी गप्प बसून खाल्ल्या. "पुढच्या वर्षी हं, काकू," असं एकीनं मला म्हटलं. मला! आमच्या ह्यांना कुणी कधी बाहेर बसवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी वाट बघत होते. कशाची? विचारू नका. राग धरून बसलं की संधी दिसायला लागते.

ती आली. प्रॅक्टिसला साईच्या टीममधली एमा नावाची गोरी पोरगी पळता पळता माझ्या खुर्चीसमोरच कोसळली. पोटरीत गोळा आला होता. हे काय सांगायला डॉक्टर लागतो? ह्यांचे गोळे मी आयुष्यभर काढले. हान कोच धावत आला, एका हातानं तिचा गुडघा दाबला आणि दुसऱ्यानं टाच धरून पाऊल वर रेटलं — अगदी मी काढायची तसा. पोरगी किंचाळली. किंचाळतातच, ह्यांच्यासारखा गडी ओरडायचा. पण तिच्या आईनं लांबून, गाडीतून पाहिलं. तिला दिसलं ते एवढंच, की हा माणूस तिच्या पोरीचा पाय धरून रेटतोय आणि पोरगी रडतेय. तिनं क्लबकडं तक्रार केली. कमिटीनं एमाला विचारलं तर म्हणाली, दुखवलं. दुखलं होतंच की.

जवळून पाहणारी मोठी व्यक्ती मी एकटीच. म्हणून मला त्या खोलीत बोलावलं.

त्याच आठवड्यात हान कोचला इथल्या दुसऱ्या एका मोठ्या क्लबनं मुलींच्या सगळ्या टीमचा मुख्य कोच नेमलं होतं. गोदाम सुटणार होतं. त्याच्या बायकोनं तांदळाच्या पिठाचे गोड लाडू सगळ्यांना वाटले. मीही दोन खाल्ले. चव जिभेवर असतानाच मी त्या खोलीत बसले होते म्हणा ना.

'गोळा काढत होता' असं म्हणाले असते तर पाच मिनिटांत सगळे घरी गेले असते. मी म्हणाले, रागानं. आणि मला पक्कं ठाऊक होतं की तो मला खोटी पाडणार नाही. म्हाताऱ्या बाईला, सगळ्यांसमोर? मेला तरी नाही. त्यानं मान खाली घातली आणि लोकांनी ती कबुली समजली. त्याच्या घरची रीत मी त्याच्याच गळ्यात अडकवली.

क्लबनं काढलं. मोठ्या क्लबनं नकार कळवला. मला त्या रात्री छान झोप लागली. लाज वाटली असं म्हणायला हवं ना? नाही वाटली. गार वाटलं.

नवा कोच आला. साई प्रत्येक मॅच खेळली आणि बर्फ पडायच्या आत गुडघा धरून बसली. डॉक्टरकडं नेलं तेव्हा तिनं तोंड उघडलं. गुडघा उन्हाळ्यापासूनच दुखत होता. घरी कळलं तर खेळ बंद करतील म्हणून तिनं फक्त हान कोचला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, घरी सांग, तोवर मी तुला खेळवणार नाही. त्याच्या वेळी त्याच्या कोचनं दुखऱ्या गुडघ्यावर खेळवलं होतं, म्हणून. फायनललाही त्यानं तिला तेवढ्यासाठीच बाहेर बसवलं. "अँड यू गाइज फायर्ड हिम," साई म्हणाली. माझ्याकडं बघून नाही. बापाकडं बघून.

तेव्हा तरी मी बोलायचं होतं. मंदार समोरच होता. मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले. बोलले असते तर आपली आई कसली आहे हे त्याला कळलं असतं.

मागच्या हिवाळ्यात कोरियन दुकानात हान कोच दिसला. अजून गोदामातच आहे, टीम नाही. मी तांदळाची पिशवी उचलत होते. त्यानं ती घेतली, माझ्या कार्टमध्ये ठेवली आणि कमरेत वाकला. "हालमोनी." त्यानं शिवी द्यायला हवी होती. मी कार्ट ढकलत निघून गेले.

पोरी माझ्याकडं बघून हसल्या तेव्हा तोही हसला होता. ते हसू मी अजून माफ केलेलं नाही. हेही खरंच सांगते.

एमाच्या पोटरीत गोळा आला होता आणि कोच तो काढत होता. मी चार हातांवर खुर्चीत बसले होते. मी पाहिलं.