आक्काची ओवाळणी

मशीनवर बोट ठेवण्याआधी आक्का अंगठा पदराला पुसायची, कपाळाला लावायची आणि काउंटरवर वाकून मला विचारायची, "भावानं धाडलं का वो, बाई?"

रांगेतल्या बायका हसायच्या. मला हसू यायचं नाही, कारण रांग दूध संस्थेच्या दारापर्यंत गेलेली असायची आणि मशीन कधी मान टाकेल याचा नेम नसायचा. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात मी बँकेचं छोटं केंद्र चालवते. एक टेबल, एक लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि उन्हाळ्यात हमखास बंद पडणारा पंखा, एवढाच पसारा. माझं माहेर शिवाजी पेठेतलं, म्हणजे तोंडानं मी फटकळ. पण आक्कापुढे माझं काही चालायचं नाही. तुमच्याही गावात अशी एखादी असेल, बघा.

सरकारनं गरीब घरातल्या बायकांच्या खात्यावर दरमहा पैसे टाकायला सुरुवात केली आणि जाहिरातीत त्यांना बहिणी म्हटलं. बाकीच्यांनी पैसे घेतले आणि जाहिरात विसरल्या. आक्कानं जाहिरातच मनावर घेतली. बहीण म्हटलंय, म्हणजे ही ओवाळणी. आणि ओवाळणी म्हटली की तिचे नियम आले.

पहिल्या महिन्यात तिचे मालक, म्हणजे नवरा, बरोबर आले होते. आक्का लोकांच्या उसात तण काढायला, भांगलायला जायची आणि तिची मजुरी बाजाराच्या दिवशी बिनबोभाट मालकांच्या खिशात जायची. त्याच सवयीनं त्यांनी माझ्या टेबलावर हात पुढे केला.

"हात आत घ्या," आक्का म्हणाली. "ह्यो माझ्या भावाचा पैसा हाय. ओवाळणीला दादल्यानं हात लावला तर भावाचं आयुष्य कमी हुतंय."

असा काही नियम मी जन्मात ऐकला नव्हता. मालकांनीही ऐकला नसावा. पण त्यांनी हात मागे घेतला तो घेतलाच. चारचौघांत कुणाच्या आयुष्यावर उठायचं म्हणजे काय!

महिना-दोन महिन्यांत तो नियम गावभर झाला. पुरुषांची मोठी पंचाईत झाली. मजुरी मागता येते, प्रसंगी ओरडून घेताही येते, पण ओवाळणी कशी मागणार? मेहुण्याबद्दल मनात काहीही असो, तसं उघड दिसणं बरं नव्हे. मग त्या पैशांतून कुणी पोरीचा एसटीचा पास काढला, कुणी चष्मा केला, तर एका म्हातारीनं दात बसवून घेतले आणि पहिल्यांदा काय खाल्लं असेल तर भाजलेलं कणीस. कुणाकुणाचे पैसे किराणा दुकानातच जिरायचे, तेही खरंच. पण दुकानात काय घ्यायचं हे बाई ठरवायची.

आक्का मात्र पैसे काढायचीच नाही. "आल्यात न्हवं? मग ऱ्हाऊ द्या तिथंच. घरात नेलं की वास सुटतोय." एवढं ऐकायला ती दरमहा रांगेत उभी राहायची आणि मी वैतागायची. तिला म्हैस घ्यायची होती. साधीसुधी नाही, शिंगं वळलेली, दांडगी, आणि दूध संस्थेत खातं स्वतःच्या नावावर. जनावरांच्या बाजारात जाऊन ती फुकटच म्हशींचे दात बघून यायची आणि मला सांगायची, "एक बघितली. नुसतं तोंडाकडं बघून पोट भरतंय." जन्मभर दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेण काढलेल्या बाईला आपल्या म्हशीचं केवढं अप्रूप असतं, ते मला तिच्याकडे बघून कळलं.

भाऊबीजेला ती ताट घेऊन आली. निरांजन, सुपारी, कुंकू आणि तीन करंज्या. "भाऊ लांब हाय. त्याच्या मशिनीला ओवाळतो."

"आक्का, वायरी आहेत, पेट घेईल!" मी ओरडले. तिनं लक्षच दिलं नाही. मशीनला कुंकू लावून शांतपणे ओवाळलं आणि करंज्या मला दिल्या. मशीन खाणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

करंजी खाता खाता मी विचारलं, "तुम्हाला सख्खा भाऊ नाही का हो?"

"हाय की. शिरोळकडं. मळ्यात ऊस हाय, दारात ट्रॅक्टर हाय." मग जरा थांबून म्हणाली, "आबा गेलं तवा हक्कसोडीवर गप अंगठा दिला मी. रान सगळं त्याच्या नावावर केलं. मग एका साली गुळाची ढेप मागितली, तर भावजय बोलली. मी बी बोललो. तवापासनं दिवाळीचं बोलावणं बंद."

ती ताट झाकून निघून गेली.

पुढच्या पावसाळ्यात कृष्णा शिरोळच्या गावांत शिरली. पाणी ओसरायला लागलं तेव्हा आक्का माझ्याकडे आली. अंगठा पुसला, कपाळाला लावला, पण नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"सगळं काढा," म्हणाली.

"म्हैस ठरली वाटतं?"

"न्हाय. भाऊ पाण्यात हाय."

माझं डोकंच फिरलं. "ज्यानं एवढी वर्षं दिवाळीला बोलावलं नाही, त्याला? आणि तुमच्या नियमाचं काय झालं? ओवाळणीला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नसतो ना?"

"सासरच्यांचा न्हाय. म्हायारचा चालतोय की."

एका दिवशी सगळे पैसे निघेनात, म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. नोटा पदरात बांधून तिथूनच एसटीला गेली.

परतली तेव्हा लुगड्याच्या काठाला चिखल वाळलेला होता. घरात गुडघाभर गाळ, ऊस आडवा, ट्रॅक्टरच्या इंजिनात पाणी, असं सगळं सांगत बसली.

"भाऊ काय म्हणाला?"

"काय न्हाय. पैसं घेतलं, खाली बघत बसला. भावजयीनं शेजारनं कप आणून च्या दिला. मुक्काम कर म्हणाली न्हाय. पण च्या दिला."

"एका चहापायी म्हैस घालवली की हो, आक्का!"

"म्हस काय माझ्या मड्यावर लुगडं घालणार हाय?" ती फटकन म्हणाली.

आपल्याकडे सवाष्ण गेली की माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला हलवत नाहीत. ज्या बाईचं माहेर तुटलंय, तिच्या मनात हे केव्हापासून सलत असेल कोण जाणे. म्हशीपेक्षा तिला ते लुगडं मोठं होतं.

त्या दिवाळीलाही बोलावणं आलं नाही. आक्का ताट घेऊन माझ्याच टेबलाशी उभी राहिली. माझा चेहरा बघून तीच मला समजवायला लागली, "सगळं पाण्यात गेलंय त्याचं. ओवाळणी कुठनं घालंल? लाजत असंल." मी या वेळी वायरींबद्दल बोलले नाही. ताटातली निरांजनाची वात मीच सारखी केली.

थंडीत एका सकाळी, धारा काढायच्या वेळेला, गाव आक्काच्या दाराकडे धावलं. छातीत कळ आली आणि दवाखान्याची गाडी यायच्या आत सगळं संपलं होतं. मला रडू आवरेना. मी तिच्यावर केलेली चिडचिड तिनं कधी मनावर घेतली नव्हती, याचंच जास्त रडू येत होतं.

शिरोळला फोन गेला. पलीकडून कुणीतरी नुसतं "बरं" म्हणालं. दुपार कलली. भावकीतली माणसं कुजबुजायला लागली, वाट किती बघायची, दुकानातनं लुगडं आणा आणि उचला. बायकांनी मला खूण केली. दुकानात जायला मी चप्पल घातली.

मालक उंबऱ्याशी बसले होते. "थांबा, बाई," ते म्हणाले. "तिचा भाऊ येणार हाय."

आणि तो आला. मोटारसायकलवरून, धुळीनं माखलेला, पिकल्या केसांचा, नाकाडोळ्यानं थेट आक्कासारखा माणूस. पिशवीतून त्यानं हिरवं लुगडं काढलं. कुणाच्या नजरेला नजर न देता त्यानं ते मालकांपुढे धरलं.

मालकांनी सवयीनं हात पुढे केला. मग तो तसाच मागे घेतला आणि धोतराला पुसला.

"न्हाय, पावणं," ते म्हणाले. "ओवाळणी हाय तिची. माझा हात लागायचा न्हाय. तुम्हीच घाला."