रूथमावशींचा दहावा वाटा

रूथमावशींनी आसरा दिला म्हणून मी नाशकात टिकले. आज खानावळीत इंद्रायणी तांदळाचा वास आला आणि मान खाली गेली.

नववीतून शाळा सोडून मी सातपूरच्या कारखान्यात कामाला आले होते आणि मावशींच्या घरी राहत होते. घरच्या शेतातल्या भाताची आठवण झाली, म्हणून मावशींच्या वेगळ्या डब्यातला इंद्रायणी तांदूळ चोरून शिजवला आणि त्या जागी रेशनचा भरून ठेवला. रविवारी चर्चला निघताना त्यांनी डबा उघडला. आता घराबाहेर काढणार, या भीतीनं मी पिशवी भरायला घेतली.

"अगं, हा दशमांश. दहातला एक वाटा देवाचा. पूर्वी पिकातूनच काढायचे, तोही चांगल्यातला." त्यांनी पिंपात स्वतःसाठी उरलेला इंद्रायणी डब्यात भरला. "रेशनचा आपण दोघी खाऊ. पुढच्या वेळी माग की गं, येडे!"

त्या आठवडाभर रेशनचाच भात जेवल्या. मावशी, कधीतरी आमच्या शेतातला पहिला तांदूळ तुमच्या दारात आणून देईन.