कोहमाऱ्याच्या ढाब्यावरची हजेरी

मी गोंदियात वकिली करते आणि माझं डोकं लवकर तापतं, हे कोर्टातल्या शिपायालाही ठाऊक आहे. त्या वेळी तापलं ते माझ्याच पक्षकारावर. चिचगडच्या पलीकडल्या जंगलातल्या एका गावची ती रोजगार सेविका. रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी लावणं हे तिचं काम; तलावाच्या कामावर न आलेल्या मजुरांची खोटी हजेरी लावली, असा आळ. नोकरी जायची वेळ आलीच होती; पण तिला जास्त खुपत होतं ते हे, की गावातल्या बाया तिला तोंडावर चोर म्हणायला लागल्या होत्या.

ही हजेरी मोबाइलवर लागते. मजुरांचा फोटो काढायचा, तो वेळ आणि ठिकाणासकट सरकारी संगणकात जातो. मी एकट्या तिची नाही, अख्ख्या तालुक्याची हंगामभराची नोंद मागवली. हजारो ओळी! आमच्या ज्युनिअरनं कपाळाला हात लावला. मी त्या ओळी आधी वेळेप्रमाणे लावल्या, मग ठिकाणाप्रमाणे, आणि चाटच पडले. पाच गावांची हजेरी दहा मिनिटांत लागलेली, तीही कोहमाऱ्याच्या चौकातल्या एका ढाब्यावरून. ढाब्यावर तलाव कुठून आला?

तिला बोलावलं. नोंदीचे कागद समोर ठेवले, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. गावात टॉवर नाही. म्हणून पाचही गावांचे रोजगार सेवक आपापला फोन कामावरच्या सुपरवायझरला देत. तो मोटरसायकलनं कोहमाऱ्याला जाऊन फोटो पाठवी. फोन उघडता यावा म्हणून पासवर्ड मागच्या बाजूला चिकटपट्टीनं लावलेला. आणि नोंदीतले फोटो नीट पाहिले तेव्हा कळलं, हा पठ्ठ्या तिथं चहा पीत, जुन्या फोटोंचेच फोटो काढून नसलेले मजूर हजर करत होता.

मी भडकलेच. घराला कुलूप लावून किल्ली दारालाच टांगतं का कुणी? आणि हे माझ्यापासून लपवलं काऊन? फोन दुसऱ्याला देणं हाही गुन्हाच धरतील, ही तिला भीती. मी म्हटलं, तेच आधी कबूल कर, त्यानंच वाचशील.

कागद छापून आणला की पुरावा झाला, असं नसतं. ज्या संगणकातून नोंद निघाली, तिथल्या जबाबदार माणसाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यासाठी दोन दिवस त्या कचेरीच्या बाकावर ठाण मांडून बसले, सही घेऊनच उठले.

चौकशी करणाऱ्या साहेबांनी तिला विचारलंच, फोन का दिला? मी उठणार, तर तिनंच मला हातानं खाली बसवलं.

"साहेब, हजेरी तुमाले रोजची पायजे, अन् गावात टावर नाही. मंग मी का करू?"

साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं.

निकाल तिच्या बाजूनं लागला. फोन दिल्याबद्दल तेवढी समज मिळाली, आणि ती द्यायलाच हवी होती. सुपरवायझरवर गुन्हा दाखल झाला. मला वाटलं, काम संपलं. पण तिनं मला ग्रामसभेला नेलं आणि आदेश सगळ्यांसमोर वाचायला सांगितला. मी वाचला. "दोषी आढळून आली नाही" इथवर आले, तर तिनं माझी बाही ओढली.

"मॅडम, तेवढं आणखी एकदा वाचा. मोठ्यानं. मांगच्या बाया ऐकून नाही राहिल्या."