तांदळात लिहिलेलं नाव

गच्चीवर आज संत्र्याच्या साली वाळत घातल्या आहेत. वरूडहून एका जुन्या विद्यार्थिनीनं पेटीभर संत्री पाठवली, आणि एवढ्या साली फेकवेनात. उन्हं तापली तसा त्यांचा उग्र-गोड वास जिन्यावरून उतरत स्वयंपाकघरापर्यंत आला. या वासानं माझ्या डोळ्यांत आजही पाणी येतं आणि त्यात हळवेपणाचा काही भाग नाही. ताई, माझी मोठी बहीण, संत्रं सोललं की साल दुमडून तिचा रस नेमका माझ्या डोळ्यांत उडवायची. मी भोकाड पसरलं की उरलेल्या फोडी देऊन गप्प करायची. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. निम्मी आई होती आणि उरलेली निम्मी छळवादी.

गेला आठवडा माझा फार गडबडीचा गेला. निवृत्त चित्रकला शिक्षिकेला कसली आली गडबड, असं घरच्यांनाही वाटतं. पण फाटकाला रंग द्यायचा होता, रेखाटनांच्या जुन्या वह्या उसवून नव्यानं शिवायच्या होत्या, आणि हौसेनं शिकायला घेतलेल्या बाजाच्या पेटीवरचा सुरांचा एक पलटा काही केल्या बोटांत बसत नव्हता. त्यात सोमवारी सकाळी भाचीचा फोन आला. हातात ब्रश होता, त्यामुळे फोनच्या पाठीवर हिरवा डाग पडला तो पडलाच.

भाची म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी. जन्म कॅनडातला, शिक्षण आणि नोकरी तिथलीच. मराठी मात्र ताईकडून शिकलेली, म्हणजे अस्सल अकोल्याची, आणि तीही ताईच्या तरुणपणातली. आता तशी भाषा इथल्या पोरीसुद्धा बोलत नाहीत. ताईला जाऊन दोन वर्षं झाली. आई मूळची भारतीय, या हक्कानं भाचीला परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं कार्ड काढायचं होतं. पण ताईचा जुना पासपोर्ट घर बदलताना गहाळ झालेला. मी म्हटलं, अगं, व्हिसा दरवेळी मिळतोच की, कशाला हा खटाटोप?

“मले आता पाहुणी म्हणून नाई याचं, मावशी,” ती म्हणाली. “आई गेली. आता मी तिथली हाव का नाई, हे कोनं तरी लिहून द्याले पायजे.”

फाटक अर्धं हिरवं, अर्धं गंजलेलं ठेवून ताईच्या शाळेचा दाखला तरी मिळावा म्हणून बुधवारी मी अमरावतीहून अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा चहा घेतला आणि उगाचच वाटलं, ताईला माहेरी सोडायला निघाले आहे.

शाळा तीच, पटांगणातला कडुनिंब मात्र गेला. कारकुनानं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. पिवळ्या पानावर कुणा गुरुजींच्या वळणदार अक्षरात ताईचं नाव होतं आणि मला हसू आवरेना, कारण वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’ असं लिहिलं होतं. कारकुनानं ते नाव मी नेलेल्या कॅनडाच्या कागदांशी ताडून पाहिलं आणि चष्मा काढला.

“आडनाव बदलते, ते समजलं,” तो म्हणाला. “पन इथं तं बाईच दुसरी झाली ना.”

दुसरी झालीच होती. लग्नात भाऊजींनी तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे वाटले आणि तांदूळ पुन्हा सारखे केले. लग्नाची नोंदणी वगैरे तेव्हा कोण करत होतं? पत्रिकेवर माहेरचं नाव, कॅनडात सासरचं, आणि दोन्हींना जोडणारा पुरावा केव्हाच कुणाच्या तरी जेवणात गेलेला. मी तेव्हा बारा वर्षांची होते. माझ्या ताईचं नाव परक्या माणसानं ठरवावं, याचा मला असा राग आला की मी त्या दिवशी जेवले नाही. पुढं कितीतरी वर्षं कॅनडाच्या पत्त्यावर मी हट्टानं जुनंच नाव लिहीत राहिले, आणि खाली नाइलाजानं ‘मार्फत’ भाऊजी.

ताई एकदा माहेरपणाला आली तेव्हा हसत म्हणाली, “काहून तसं लिहितं व? पोस्टमन गोंधळते.” मला ते लागलं. हिला नव्या नावाची सवय झाली, आपणच वेडे, असं म्हणून मीही हट्ट सोडला. तेव्हापासून पाकिटावर सासरचं नाव घालू लागले.

दाखला घेऊन अकोल्याहून परतल्यावर भाचीला सगळं सांगितलं. लग्नाचा कुठलाही कागद मिळाला तर पाहा म्हटलं. शुक्रवारी सकाळी तिनं फोटो पाठवले. ताईच्या कपाटात, साड्यांखाली, एका डब्यात पाकिटं सापडली होती. माझं बालिश अक्षर, ताईचं माहेरचं नाव, खाली ‘मार्फत’ भाऊजी, कॅनडाचा पत्ता, वर टपालाचे शिक्के. आत पत्र एकाही पाकिटात नव्हतं. नंतरची, नव्या नावाची पाकिटं शोधून पाहिलीस का, म्हणून मी विचारलं. भाचीनं सगळं कपाट उपसलं होतं. तसलं एकही ठेवलेलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि ते फोटो छापून घ्यायला निघाले.

त्याच दुपारी नावाचं प्रतिज्ञापत्र करायला अमरावतीच्या कोर्टाच्या आवारात गेले. पत्र्याच्या शेडखाली बसणाऱ्या टंकलेखकाकडे असल्या प्रतिज्ञापत्रांचा ठरलेला मसुदा असतो. वरील दोन्ही नावे एकाच महिलेची आहेत, मी तिची सख्खी बहीण आहे, वगैरे. पाकिटांच्या फोटोंच्या प्रती त्यानं स्वतःहून सोबत टाचल्या. शिक्का पाहून साहेब लोक खूश होतात म्हणाला. शेवटची ओळ मी दोनदा वाचली. विवाहानंतर सदर महिलेने पूर्वीच्या नावाशी कोणताही संबंध ठेवला नाही.

“ही ओळ काढा,” मी म्हटलं.

“बाई, सगळ्याइच्या कागदात असते हे.”

“असू द्या. शपथेवर खोटं कसं लिहून देऊ?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ओळ पुसली. मी सही केली. भाचीचा अर्ज गेला आहे. कार्ड यायला दिवस लागतील, कदाचित आणखी कागद मागतील, तेही देऊ. फाटक पुढच्या आठवड्यात रंगेल. ताईनं मात्र ते नाव साड्यांखाली शेवटपर्यंत सांभाळलं होतं. लिहायचं सोडलं होतं ते मी.