सर्व्हर रूमच्या दाराबाहेर

"मालक, मागच्या बाजूला नका शिंपडू. तिकडं पंखे हायत."

हे मी म्हणाले. मी. काचेच्या दाराबाहेर उभी राहून. आत मालक तांब्याच्या गडव्यातलं गोमूत्र आंब्याच्या पानानं सर्व्हरवर शिंपडत होते, कारण त्या सर्व्हरला माझे हात लागले होते. आणि मला काळजी कशाची? तर पंख्यांच्या जाळीतून ते आत जाईल आणि कार्ड जळेल, याची.

मालक वळले. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले, आणि पुढच्या बाजूनं शिंपडलं. आभार मानले हो त्यांनी माझे! आणि मी मान हलवली. ऑफिसात मी जपून 'आहेत' म्हणते, त्या दिवशी तोंडून 'हायत' गेलं, याचीच मला तेव्हा लाज वाटली. लाज वाटायला तेवढंच सापडलं मला.

खंडेनवमी होती. सोलापुरात त्या दिवशी माग थांबतात, धुतले जातात, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. या मालकांचा टॉवेलांचा कारखाना. वर घर, खाली ऑफिस, मागं माग. त्यांनी नवा सर्व्हर घेतला होता आणि मागांबरोबर त्याचीही पूजा करायची होती. मी नवी पेठेतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात इंजिनिअर. सर्व्हर आमच्या दुकानानं दिलेला. पूजेच्या मुहूर्ताला तो चालू पाहिजे, हे काम माझ्याकडं.

तो काही सहज चालू झाला नव्हता. एकाच मोठ्या मशीनमध्ये चार वेगवेगळी मशीन चालवायची होती, एक मालाच्या पाठवणीचं, एक हजेरीचं, अशी. त्याचं सॉफ्टवेअर मी चढवलं, आणि ते म्हणतंय, नेटवर्क कार्डच नाही. अरे, माझ्या डोळ्यांसमोर कार्ड आहे! वायर लावलीय! पण त्याला दिसतच नाही. कार्डाची आणि सॉफ्टवेअरची ओळख करून देणारी एक फाइल असते, ड्रायव्हर म्हणतात तिला. नव्या आवृत्तीतून नेमका याच कार्डाचा ड्रायव्हर काढून टाकलेला. मग जुना शोधायचा. मॉडेल तेच, पण आतली चिप वेगळी, म्हणजे तो चालत नाही. एक चढवला तर अख्खं मशीन जांभळ्या स्क्रीनवर जाऊन गप्प. दुसऱ्यानं कार्ड दिसलं, पण मधेच तुटायचं. मी जेवायचंसुद्धा विसरले. सरतेशेवटी नवमीच्या सकाळी एक नीट बसला. कार्डाचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या, वेड्यासारख्या.

टाळ्या ऐकून मालकांच्या आई आत आल्या. सगळे त्यांना आक्का म्हणतात. हातात पूजेचं ताट. माझ्याकडं कौतुकानं बघितलं.

"तूच केलंस व्हय गं? हुशार हाईस की. आडनाव काय तुजं?"

माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर फक्त नाव आहे. आडनाव घालू नको, कस्टमरला नाव लक्षात राहिलं म्हणजे झालं, असं आमच्या दुकानाचे सर म्हणाले होते. मला तेव्हा बरंच वाटलं होतं. खोटं कशाला सांगू.

आडनाव सांगितलं. त्यावरून आक्कांना काही कळेना.

"गाव कंचं?"

"केम."

"केमात कुटं?"

हा खरा प्रश्न. ज्याला विचारतात त्याला कळतं, आणि विचारणाऱ्यालाही कळतं. मी म्हणाले, "समाजमंदिरापाशी." गावात समाजमंदिर कुणाच्या वस्तीत असतं, हे कुणाला सांगावं लागत नाही.

आक्का रागावल्या नाहीत, आवाज चढवला नाही. ताट फक्त स्वतःकडं ओढून घेतलं. "बरं बरं. जरा भाईर थांब हां पोरी. पूजा व्हायचीय."

मग सगळे आत गेले. कारखान्यातले लोक, गाडीवाला, आमच्या दुकानातला वायरिंग करणारा सचिन. चपला दाराशी काढून सगळे आत. मी एकटी बाहेर, त्यांच्या चपलांजवळ. काचेतून सगळं दिसत होतं. नारळ फुटला. मग मालकांनी गडवा उचलला, आणि मी ते पंख्याचं बोलले.

परत येताना सचिनच्या गाडीवर मागं बसले होते. तो म्हणाला, "तू बाहेर का गं थांबलीस? पेढा पण नाही घेतलास."

"माझी अडचण होती," मी म्हणाले.

नव्हती. पाळी आलेली नव्हती. पण वस्तीमुळं बाहेर काढलं, हे सांगण्यापेक्षा ते सांगणं मला सोपं गेलं. एक लाज झाकायला मी दुसरी पुढं केली. बिचाऱ्या सचिननं गाडीचा वेग वाढवला. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. थू माझ्या जिंदगानीवर, असं आज म्हणते. तेव्हा खरंच सुटल्यासारखं वाटलं होतं.

सरांना मालकांचा फोन आलेला होता. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पंखा वाढवला, चहा मागवला. "हे बघ, जुनी माणसं आहेत. त्यांच्याकडचं तू इथून रिमोटनं करत जा. सचिन जाऊन बसेल तिकडं. त्यांनाही बरं, तुलाही बरं. ऊन नाही, धूळ नाही."

"चालेल सर," मी म्हणाले.

आणि चाललं. लई दिवस चाललं. मी नवी पेठेत दुकानाच्या कोपऱ्यात बसायची आणि माझा माऊस त्यांच्या सर्व्हरवर फिरायचा. सचिन तिकडं खुर्चीत बसायचा. त्याला पोहे यायचे. आक्का त्याला म्हणायच्या, "किती राबतोस रे बाळा." तो मला हसत हसत सांगायचा, आणि मीही हसायची. जुळे सोलापुरातल्या खोलीवर गेल्यावर मात्र हात साबणानं धूत बसायची. कशाला धूत होते, देव जाणे. माझ्या हातांना काय झालं होतं?

मग एके दिवशी मी रिमोटनंच सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि माझी स्क्रीन गोठली. लगेच कळलं. अपडेटनं मी बसवलेला ड्रायव्हर उडवला होता. आधी तपासायला पाहिजे होतं, ती चूक माझीच. आता कार्ड नाही, म्हणजे नेटवर्क नाही, म्हणजे रिमोट नाही. मशीनसमोर बसल्याशिवाय इलाज नव्हता. तिकडं टेम्पो भरून उभे, पाठवणीची बिलं निघेनात.

"पळ," सर म्हणाले. "लवकर उरकून ये."

पेनड्राइव्ह घेऊन पळाले. काचेच्या दारापाशी पोचले तर मालक आडवे. सचिन आत बसलेला.

"तू हितनंच सांग," मालक म्हणाले. "सचिन टाइप करतोय की. आई घरातच हायत, उगं कशाला."

मी पेनड्राइव्ह दिला. हो, दिला! दाराबाहेर उभी राहून एकेक अक्षर सांगायला लागले. डॅश. नाही, दोन डॅश. मधे जागा सोड. कॅपिटल नाही रे, स्मॉल. स्क्रीन मला नीट दिसत नव्हती. सचिन घामाघूम. एरर. परत. परत एरर. मी काचेला नाक लावून वाचायला गेले, तर मालक म्हणाले, "काच धरू नको, डाग पडतात."

मग चिडले. "नीट सांगता येत न्हाय व्हय तुला? एवढी शिकलीयस ना?"

तिथं माझं तोंड मिटलं. ओळ अर्धी राहिली. सचिन आतून म्हणतोय, "पुढं? पुढं काय?" माझ्या अंगाची लाहीलाही झाली होती, पण आवाज शांत निघाला.

"मी आत येऊन करते. नायतर करत न्हाय."

"अगं पण आई..."

"आक्कांना बोलवा. त्यांच्यासमोर आत येते."

"भाव खातीस काय गं? तुला काय कमी केलं आमी? पैसे देतोय की."

मी सचिनकडं बघितलं. मोठ्यानं म्हणाले, कारखान्यातल्या लोकांना ऐकू जाईल असं. "सचिन, खंडेनवमीला माझी अडचण नव्हती. मला बाहेर काढलं होतं. माझे हात लागले म्हणून यांनी मशीनवर गोमूत्र शिंपडलं. आणि मी खोटं बोलले तुझ्याशी."

सचिनचे हात कीबोर्डवरच राहिले. त्यानं खाली मान घातली. उठला मात्र नाही. मागांचा खडखडाट चालूच होता. मालक दोन पावलं बाजूला सरतील, असं मला एक क्षण वाटलं. नाही सरले. मी पेनड्राइव्ह परत मागून घेतला आणि निघाले.

त्यांचं काही अडलं नाही. पुण्याहून कुणीतरी आलं, वेगळं कार्डच घालून दिलं, सगळं चालू. माझी नोकरी गेली. सर म्हणाले, "धंद्यात असं चालत नाही." सचिनचा फोन आला नाही. मीही केला नाही.

आता सुटी कामं घेते, मिळतील तशी. दारातच पूर्ण नाव सांगते, आडनावासकट. केम सांगते. समाजमंदिरापाशी, हेही सांगते, कुणी विचारायच्या आधी. मग विचारते, आत येऊ? समोरचा घुटमळला, की वळते. अशी कामं गेलीत, पुढंही जातील.

सांगताना अजून कान तापतात. ही लाज माझी नव्हतीच, हे डोक्याला कळलंय, अंगाला कळायचंय. कळेल तेव्हा कळेल, मी त्याची वाट बघत बसणार नाही. पण दाराबाहेर उभी राहून माझ्याकडचं एक अक्षरसुद्धा आत देणार नाही. मशीन बंद पडो, कारखाना बंद पडो, माझी चूल बंद पडो. नाही म्हणजे नाही.